कुत्र्यासाठी नाचणी-भोपळ्याची वीगन बिस्किटं

'कुत्रा मांसाहारी, त्याला भोपळ्याचं बिस्किट कशाला?' हा आक्षेप पचनाच्या हिशेबात टिकत नाही. स्टार्च पचवणाऱ्या अमायलेजच्या एएमवाय२बी जनुकाच्या प्रती लांडग्यात साधारण २, तर कुत्र्यात ४ ते ३० सापडल्या. हा अभ्यास २०१३ साली 'नेचर'मध्ये आला. माणसाच्या खरकट्यावर पोसलेलं पोट आहे ते! त्यामुळे वाफवलेला लाल भोपळा, त्यात मावेल तेवढं नाचणीचं पीठ, जाडसर लाटून १६० अंशांवर कडक होईपर्यंत भाजायचं. मीठ नको, गूळही नको.

मग रोजचं जेवणही वीगन करावं? तो वेगळा विषय, पशुवैद्याला विचारून ठरवायचा. खाऊ मात्र दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांत ठेवला, तर त्यातल्या प्रथिनांची चिंता नको. खरा घोळ 'वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक' या समजुतीत आहे. मनुका, कांदा, लसूण झाडापासूनच येतात आणि कुत्र्याला विषारी असतात. पीनट बटर घालणार असाल तर बरणीवरची बारीक अक्षरं वाचा. साखरेऐवजी वापरलं जाणारं झायलिटॉल त्यात असेल तर कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते, यकृतही निकामी होऊ शकतं. दुसऱ्या एखाद्या जिन्नसाबद्दल शंका असेल तर खाली विचारा.