तीन सिंहस्थांचा अटाला

उज्जैनची माणसं घरातल्या वस्तूंचं वय सिंहस्थावरून सांगतात. निदान आमच्या घरी तरी तशीच रीत आहे. १९९२ च्या सिंहस्थाला पाहुणे येणार म्हणून रंगीत टीव्ही घेतला. २००४ ला रामघाटाच्या गर्दीत चुकामूक नको म्हणून यजमानांनी पहिला मोबाइल घेतला. २०१६ ला भिंतीवरचा चपटा टीव्ही आला. आता २०२८ चे फोन आतापासूनच सुरू झालेत, "काकू, आम्ही सहाजण येऊ हं!" त्यासाठी वरची खोली रिकामी करायला गेलो, तर तिन्ही सिंहस्थांचा अटाला तिथं सुखानं नांदत होता. (महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: आमच्या माळव्यात भंगाराला अटाला म्हणतात.)

एक डबा टीव्ही, एक मॉनिटर, बंद पडलेला सीपीयू, पाच मोबाइल, त्यांतल्या एकाची बॅटरी फुगून पाठ उचकटलेली, आणि चार्जर-वायरींचा गुंता भरलेली एक थैली. सुनेनं विचारलं, "आई, हे सगळं ठेवलं कशाला?"

कारण आहे. आमचा पहिला संगणक मी दारावरच्या अटालेवाल्याला दीडशे रुपयांत देऊन टाकला होता. हार्ड डिस्क आतच राहिली आणि तिच्यात धाकट्याच्या मुंजीचे सगळे फोटो. दुसऱ्या दिवशी विचारत विचारत त्याच्या गोदामापर्यंत गेले. संगणक मिळाला नाही. तिथं बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा टीव्हीच्या नळीची मान हातोडीनं फोडत बसला होता, मागचं तांब्याचं वेटोळं काढायला. पलीकडे वायरी जळत होत्या, तांब्यासाठीच. त्या नळीच्या काचेत शिसं असतं आणि वायरीचं प्लास्टिक जळताना निघणारा धूर विषारी असतो, हे मी नंतर वाचलं. त्या मुलाचे हात मात्र तेव्हाच पाहिले होते. त्यानंतर मी काही विकलं नाही आणि टाकलंही नाही. माळा भरत गेला.

यात अटालेवाल्याला खलनायक करायचं नाही मला. आपल्या दारापर्यंत तोच येतो, बाकी कोणी येत नाही.

पण एक गोष्ट बघा. आमच्या घरी इन्व्हर्टरच्या चार बॅटऱ्या बदलून झाल्या, त्यांतली एकही माळ्यावर नाही. नवी घ्यायला गेलं की दुकानदारच म्हणतो, "पुरानी ले आना, दाम कम हो जाएगा." ही त्याची मेहेरबानी नव्हे. जुन्या बॅटऱ्या विक्रेत्यानं परत घ्याव्यात हा नियम आपल्या देशात २००१ सालीच झाला, आणि आतल्या शिशाला भाव असल्यामुळे तो कागदावर पडून राहिला नाही. मोबाइल-टीव्हीचे नियम बरेच उशिरा आले. पहिले २०१२ च्या मे महिन्यात लागू झाले. २०१६ च्या नियमांत तर दुकानातल्या पेटीचा स्पष्ट उल्लेख होता: कंपनीनं जबाबदारी सोपवली असेल तर विक्रेत्यानं ग्राहकासाठी पेटी किंवा जागा ठेवायची. एप्रिल २०२३ पासून नवे नियम आले. वस्तूंची यादी शंभराच्या वर गेली, पण सगळा भार उत्पादक कंपनीवर आला. अमुक इतका माल पुनर्वापराला गेला, याची प्रमाणपत्रं कंपनीनं दाखवायची. दुकानदाराचं नाव त्यात वेगळं उरलं नाही. म्हणून आज एका दुकानात पेटी दिसते आणि शेजारच्यात नाही.

याचा अनुभव फ्रीगंजमध्येच आला. पहिल्या दुकानात विचारलं तर, "मॅडम, एक्स्चेंज में दे दो, नया क्या लेंगे?" नवं काही घ्यायचंच नव्हतं. शिवाय एक्स्चेंज आणि पुनर्वापर यांत फरक आहे. एक्स्चेंजचा माल बरेचदा व्यापाऱ्याकडे जातो, चालू असला तर पुन्हा विकला जातो, नसला तर फिरून त्याच गोदामात. दुसऱ्या दुकानात जिन्याखाली, कुलरच्या खोक्यांमागे, खरोखरच एक पेटी होती. तिथल्या मुलाला मी तीन प्रश्न विचारले: हे कोण उचलून नेतं, त्यांची नोंदणी आहे का, आणि मला पावती मिळेल का? पहिल्याला तो गडबडला, पण मॅनेजरला बोलावून आणलं. रिसायकलिंग कंपनीचं नाव कळलं, पावतीही मिळाली. अशा कंपन्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, म्हणून नाव विचारायला संकोच नको. चार मोबाइल आणि ती थैली त्या पेटीत गेली. फुगलेल्या बॅटरीचा फोन त्यांनी घेतला नाही, ते बरोबरच. तो फोन चार्ज करायचा नाही, टोचायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही. सर्व्हिस सेंटरला आधी सांगून हातात द्यायचा.

टीव्ही-फ्रिजसारख्या मोठ्या वस्तू पेटीत मावत नाहीत. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर ई-वेस्टचं वेगळं पान असतं, तिथला नंबर लावावा. आमच्या डबा टीव्हीसाठी तीनदा फोन करावा लागला. शेजारी इंदूरला घरोघरच्या कचऱ्यातच ई-कचरा वेगळा घेतात, म्हणून नणंदेला आमच्या या खटाटोपाचं हसू येतं.

भाची अमेरिकेत असते. ती सांगते, तिथे 'बेस्ट बाय' नावाच्या दुकानांत एका घराला दिवसाला तीन वस्तू देता येतात, बहुतेक फुकट, टीव्हीला मात्र पैसे पडतात. जपानात तर २००१ पासून टीव्ही, फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन टाकायचं तर ग्राहकच शुल्क भरतो आणि दुकानदाराला ते नेणं भाग असतं. त्याच जपाननं लोकांकडून सुमारे ७९ हजार टन जुनी छोटी उपकरणं आणि ६२ लाख मोबाइल गोळा केले, त्यातून ३२ किलो सोनं काढलं आणि टोकियो ऑलिंपिकची पदकं घडवली. हे ऐकून यजमान म्हणाले, "म्हणजे आपल्या माळ्यावर पदक पडलं होतं म्हण की."

वस्तू देण्याआधीचं काम मात्र पेटीपेक्षा मोठं ठरलं. सिम आणि मेमरी कार्ड काढणं, गुगलच्या खात्यातून बाहेर पडणं, मग फोन रिसेट करणं. सीपीयूची हार्ड डिस्क काढून ठेवली, ती मी देणार नाही. एका जुन्या फोनमध्ये सासूबाईंचा आवाज निघाला, दुकानात गेलेल्या कोणाला तरी फोनवरून सांगतायत की पोहे जाड आणू नको. मुलानं तो आधी लॅपटॉपवर उतरवून घेतला, सगळ्यांना पाठवला, आणि मगच तो फोन थैलीत टाकला.

वरची खोली आता रिकामी आहे. सासऱ्यांचा ट्रान्झिस्टर तेवढा खिडकीत ठेवलाय. तो बंद आहे, पण त्याचं नाव यादीत घालायला यजमान तयार नाहीत.