थंड खडकांवरून आगीचा माग

पूर्व आइसलँडच्या समुद्रकाठी आज कुठेही आग नाही की धूर नाही. आहेत ते खोल कापले गेलेले फ्योर्ड, आणि त्यांच्या दोन्ही अंगांना एकावर एक चढलेले काळ्या बेसाल्टचे थर. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून पुढची दहाएक वर्षे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातले एक तरुण अध्यापक उन्हाळ्यात इथे येत आणि हातोडी घेऊन हे डोंगर चढत. त्यांचे नाव जॉर्ज वॉकर. विसाव्या शतकातल्या ज्वालामुखीविज्ञानाला मोजमापाची शिस्त लावणाऱ्यांत त्यांचे नाव अगदी वरचे आहे, आणि तो पाया त्यांनी घातला तो कधीच्याच निवलेल्या खडकांवर.

वॉकर १९२६ साली लंडनमध्ये जन्मले, बेलफास्टला शिकले आणि लीड्स विद्यापीठातून डॉक्टरेट झाले. प्रबंधाचा विषय होता उत्तर आयर्लंडच्या बेसाल्टमधली दुय्यम खनिजे. लाव्हा निवताना तिच्यातल्या वायूचे बुडबुडे अडकून राहतात आणि खडकात पोकळ्या उरतात. पुढे त्यांतून गरम पाणी झिरपते आणि पोकळीच्या भिंतींवर स्फटिक धरतात. त्यांतला मोठा गट झिओलाइटांचा. महाराष्ट्राला हे नवे नाही. विहीर खणणाऱ्यांचा ‘मांजऱ्या’ खडक म्हणजे हाच पोकळ्यापोकळ्यांचा बेसाल्ट. पुण्याजवळ वाघोलीच्या आणि जळगावच्या खाणींतून निघालेले स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातही ते पाहायला मिळतात.

संग्राहक या स्फटिकांचे रूप पाहत. वॉकर त्यांची उंची पाहू लागले. कोणते झिओलाइट डोंगराच्या कोणत्या पातळीवर सापडते, याची ते नोंद करत गेले. वरच्या भागात चॅबाझाइट आणि थॉमसोनाइट, खाली मेसोलाइट आणि स्कोलेसाइट, त्याहून खोल लॉमोन्टाइट, असे पट्टे दिसू लागले. जितके खोल तितके तापमान जास्त, म्हणून खनिज वेगळे. गंमत अशी की लाव्हाचे थर कललेले होते, पण खनिजांचे पट्टे त्यांना छेदून आडवे गेले होते. म्हणजे थर आधी कलले आणि स्फटिक नंतर घडले. एवढेच नाही, तर आजच्या माथ्यावर कोणता पट्टा उघडा पडला आहे यावरून माथ्याची किती जाडी झिजून गेली, तेही सांगता येऊ लागले. जो डोंगर आता जागेवरच नाही त्याची उंची काढणे, आणि तीही खडकातल्या बोटभर पोकळीवरून! १९६० साली प्रसिद्ध झालेला हा निबंध आजही वाचला जातो. पुढे १९७४ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले आर. एन. सुखेस्वाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या दख्खनच्या बेसाल्टमधील झिओलाइटांवर असाच सविस्तर निबंध लिहिला.

त्याच डोंगरांत वॉकर यांनी आणखी एक गोष्ट मोजली. जमिनीला पडलेल्या भेगेतून मॅग्मा वर चढतो आणि कधी भेगेतच थिजतो. त्याची उभी भिंत बनते, तिला डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबारकडे फिरणाऱ्यांनी अशा लांबच लांब भिंती पाहिल्या असतील. प्रत्येक डाइकच्या रुंदीइतकी जमीन दोन्ही बाजूंना सरकलेली असणार, हे उघड आहे. मग सगळ्या डाइकांच्या रुंदीची बेरीज केली तर? १९६४ मध्ये गुन्नार बोद्वार्सन यांच्यासोबत लिहिलेल्या निबंधात वॉकर यांनी आइसलँडचे कवच दोन्हीकडे ताणले जात असल्याचे मांडले. समुद्रतळ पसरतो ही कल्पना तेव्हा नुकतीच वादात उतरली होती. तिला हा पुरावा मिळाला तो पायी हिंडून केलेल्या मोजणीतून.

१९६३च्या नोव्हेंबरात आइसलँडच्या दक्षिणेला समुद्रातून सर्टसी हे बेट उसळून वर आले आणि वॉकर यांचे लक्ष जिवंत ज्वालामुखींकडे वळले. सिसिलीच्या एटनावर त्यांनी लाव्हाप्रवाहांचा अभ्यास केला. लाव्हा किती दूर जाईल हे मुख्यतः तिच्या घट्टपणावर ठरते, असा समज होता. वॉकर यांनी अनेक प्रवाहांची आकडेवारी जुळवून १९७३ मध्ये दाखवले की लाव्हा किती वेगाने बाहेर पडते, याला जास्त महत्त्व आहे. ज्वालामुखीच्या उतारावर ज्यांची घरे आणि द्राक्षमळे आहेत त्यांच्यासाठी हा फरक फार मोलाचा.

वेगाचा हाच विचार दख्खनलाही लागू होता. १९६९ मध्ये मध्य प्रदेशातल्या सागर विद्यापीठात दख्खनच्या आणि तशा इतर महाप्रवाहांवर परिषद झाली. तिच्या निबंधसंग्रहात १९७१ मध्ये वॉकर यांनी लाव्हाप्रवाहांचे दोन प्रकार मांडले: एकाच जाड थराचा साधा प्रवाह, आणि लहान लहान जिभा एकमेकींवर चढून बनलेला संयुक्त प्रवाह. पहिला बनतो तो जोराच्या उद्रेकात, दुसरा संथ उद्रेकात, असे त्यांचे म्हणणे. सह्याद्रीच्या कड्यांमध्ये संयुक्त प्रवाह विपुल आहेत. दख्खनवरची त्यांची निरीक्षणे पुढे जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या १९९९ सालच्या ग्रंथातही छापली गेली.

मग त्यांनी राखेकडे मोर्चा वळवला. स्फोटक उद्रेकांना तोवर हवाईयन, स्ट्राँबोलियन, प्लिनियन अशी नावे होती, पण ती बहुतांशी पाहणाऱ्याच्या वर्णनावर आधारलेली. ज्याला साक्षीदारच नाही त्या उद्रेकाचे काय करायचे? वॉकर यांनी राखेच्या आणि प्युमिस या हलक्या, सच्छिद्र दगडाच्या थराची जाडी जागोजागी मोजली, नमुने चाळण्यांतून चाळले आणि दोन मापे पक्की केली: थर किती क्षेत्रावर पसरला आणि दगडाचा किती बारीक चुरा झाला. १९७३च्या या वर्गीकरणामुळे हजारो वर्षांपूर्वीचा उद्रेकही आकड्यांत पकडता येऊ लागला. साधी चाळणी आणि वजनकाटा यांतून इतके निघते, हे त्यांच्याआधी फारसे कोणी मनावर घेतले नव्हते.

१९७८ मध्ये ते न्यूझीलंडला ऑकलंड विद्यापीठात गेले. तिथल्या टाउपो सरोवराच्या जागी सुमारे १८०० वर्षांपूर्वी प्रचंड उद्रेक झाला होता. तप्त वायू आणि राखेचा लोट वाटेतले डोंगर ओलांडत सर्व दिशांना सुमारे ८० किलोमीटर धावला. त्याआधी पडलेला प्युमिसचा थर इतका दूरवर पसरला होता की वॉकर यांनी १९८० मध्ये त्यासाठी ‘अल्ट्राप्लिनियन’ असा वेगळा वर्गच सुचवला. पण हा निष्कर्ष टिकला नाही. हवाई विद्यापीठात वॉकर यांनी भूषवलेल्या अध्यासनावर नंतर आलेले ब्रूस हॉटन आणि त्यांचे सहकारी पुन्हा त्याच थरांकडे गेले. राखेचा पसारा वाऱ्याने वाढवला होता आणि उद्रेक नेहमीच्या प्लिनियन वर्गातलाच होता, असे त्यांनी २०१४ मध्ये दाखवले. वर्ग पुसला गेला तो वॉकर यांच्याच पद्धतीने, थर अधिक बारकाईने मोजून. मोजलेले असले की तपासता येते. वॉकर यांच्या कामाची खरी ताकद मला तरी इथेच दिसते.

१९८१ पासून निवृत्तीपर्यंत ते हवाईत होते. तिथल्या पाहोइहोइ या गुळगुळीत पाठीच्या लाव्हाची पातळ काळी पाठ पाहता पाहता त्यांच्या लक्षात आले की प्रवाह नेहमी वरून वाहत नाही. आधी पातळ पापुद्रा थिजतो, खालून नवी लाव्हा शिरत राहते आणि साईखाली दूध चढावे तसा सगळा थर वर उचलला जातो. उकिरड्याएवढे उंचवटे, त्यांच्या माथ्यावरच्या भेगा, मधले खड्डे या सगळ्याचा उलगडा त्यांनी १९९१च्या निबंधात केला. वरचा पापुद्रा आतली उष्णता धरून ठेवत असल्याने संथ लाव्हाही फार दूर जाऊ शकते. म्हणजे जाड आणि लांब प्रवाह जोराच्या उद्रेकातूनच येतात, या जुन्या समजुतीला, त्यात त्यांची स्वतःचीही आली, छेद गेला.

२००१ मध्ये पुण्याचे रेमंड दुराईस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम दख्खनमध्ये असेच फुगलेले उंचवटे नोंदवले. वॉकर २००५ मध्ये गेले. त्यांचे विद्यार्थी स्टीफन सेल्फ यांनी सहकाऱ्यांसह २००८ मध्ये मांडले की आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळचा बेसाल्ट ही दख्खनचीच लाव्हा असावी, सुमारे हजार किलोमीटर वाहत गेलेली.

लाव्हा कशी वाहिली हा प्रश्न केवळ अंतराचा नाही. दख्खनची लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपले त्या सुमारास वाहत होती. तिच्यासोबत हवेत गेलेल्या गंधकाच्या वायूंनी हवामान किती बिघडले हे ठरते लाव्हा किती वेगाने बाहेर आली यावर. २०१९ मध्ये एका शास्त्रीय नियतकालिकाच्या एकाच अंकात संशोधकांच्या दोन गटांनी सह्याद्रीच्या थरांची वये जाहीर केली. एका गटाला उद्रेक मोठमोठ्या झटक्यांत झालेले दिसले, आणि त्यांतला एक सामूहिक विनाशाच्या अगदी आधीचा. दुसऱ्याला लाव्हा बऱ्याच अंशी सलग वाहिल्यासारखी वाटली, आणि तिचा मोठा भाग विनाशानंतरचा.