ताटापुढचे चेहरे
(मन आणि अन्न : लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण भूक आणि भीती यांचं नातं पाहिलं. आजचा प्रश्न त्यापुढचा : ज्याचं खाण्याशी बिनसलंय, त्याला समोरच्याचा चेहरा नीट वाचता येतो का?

सातारा-सांगली हा तालमींचा मुलूख. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून बँटमवेट गटातलं, म्हणजे ५७ किलोचं, ऑलिंपिक ब्राँझ घेऊन आले. गट आला की वजन आलं, आणि वजन उतरवायचं म्हटलं की जेवणपाणी तोडणं आलं. वजनगटांच्या खेळांत आणि लांब पल्ल्याच्या धावण्यात खाण्याच्या विकारांचा धोका जास्त असतो, असं जगभर दिसतं. मैदानाबाहेरही सुटका नाही. लग्नकार्यात भेटणारी मावशी आधी विचारते, "किती वाळलीस गं?" नाहीतर "सुटलीस की!"

ॲनोरेक्झियात माणूस खाणं तोडत जातो. बुलिमियात एकदम खूप खाऊन बरेचदा ओकून टाकतो. अशा रुग्णांना चेहऱ्यांचे फोटो दाखवून राग, भीती, दुःख ओळखायला सांगितलं, तर काही अभ्यासांत त्यांना ते निरोगी माणसांपेक्षा जड गेलं. सगळ्यांना नाही. मग काहींनाच का? २०१५ साली रिबेका ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ही अडचण विकारापेक्षा अलेक्सिथायमियाशी, म्हणजे स्वतःच्याच भावना न उमगण्याशी, जास्त जोडलेली आहे. आपल्या छातीतली धडधड भीतीची की रागाची हे ज्याला कळत नाही, त्याला दुसऱ्याच्या कपाळावरची आठी तरी कशी कळावी?

उपासमारही माणूस बदलते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते चिडचिडे झाले, माणसांतून उठले, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले. म्हणून उपचारात वजन सावरणं हे मनाच्याही कामाचं असतं.

लठ्ठपणा हा काही मानसिक आजार नव्हे, आणि त्याबाबतचे निष्कर्ष एका दिशेचे नाहीत. पण लहानपणापासून ज्याच्या अंगावरून चेष्टा झाली, तो साध्या नजरेतही हिणवणं शोधू लागला, तर त्याला दोष कसा देणार?

आपल्याकडे आई काळजीनं कपाळाला आठ्या घालते, वस्ताद गप्प राहतो. पोराला दोन्हींत रागच दिसू शकतो. म्हणून चेहऱ्यावर सोडू नका, तोंडानं सांगा : "मी चिडले नाही रे, तुझी काळजी वाटते." ताटावर आणि वजनावर शेरे मारू नका. वजन झपाट्यानं उतरलं, पाळी थांबली, जेवल्याबरोबर मोरीकडे धाव होऊ लागली, तर वाट पाहू नका. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या मनोविकारतज्ज्ञाकडे जा. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. हा हट्ट नाही, आजार आहे, आणि वेळेत उपचार झाले तर त्यातून बाहेर पडता येतं.

पुढच्या आठवड्यात : वजन उतरवणारा खेळाडू आणि त्याचा प्रशिक्षक.