पाणी टाइल्सच्या खाली जातंच

पुण्या-मुंबईतल्या जुन्या सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या खालोखाल भांडणं होतात ती गळतीवरून. खालच्या मजल्यावरच्या काकू छताचा फोटो मोबाइलवर सगळ्यांना दाखवतात, वरचे काका "आम्ही मागच्याच वर्षी सगळ्या टाइल्स नव्या बसवल्यात" असं ठासून सांगतात, आणि पुष्कळदा दोघंही खरंच बोलत असतात. टाइल्स नव्याकोऱ्या असतात आणि छतही गळत असतं.

काकांची समजूत अशी की टाइल पाणी अडवते. टाइलपुरतं पाहिलं तर ती फारशी चुकीची नाही. व्हिट्रिफाइड टाइलचं जलशोषण भारतीय मानकानुसार अर्ध्या टक्क्याच्या आत असावं लागतं, म्हणजे ती पाणी जवळजवळ पीतच नाही. प्रश्न सांध्यांचा आहे. ४ बाय ७ फुटांच्या बाथरूममध्ये एक फुटी टाइल्स बसवल्या तर नुसत्या जमिनीवर ४५ फूट सांधे होतात, भिंतीलगतचे धरले तर ६७ फूट. त्यात भरलेलं पांढरं सिमेंट सच्छिद्र असतं आणि आंघोळीचं पाणी रोज त्यातून थोडं थोडं खाली उतरत राहतं. इपॉक्सी ग्राउट वापरलं तर हे झिरपणं बरंच कमी होतं, डागही पडत नाहीत. पैसे असतील तर जरूर वापरावं. पण जमीन आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात बारीक भेगा पडतातच, आणि टाइल फोडून आत गेलेल्या पाइपभोवती ग्राउटचं काही चालत नाही. तेव्हा पाणी टाइल्सच्या खाली जाणार, हे गृहीत धरूनच काम काढायचं. टाइल्सच्या खाली एक अखंड परात हवी, काठ वर वळलेली आणि उतार जाळीकडे असलेली. ती कशाची बनवायची हा दुसरा प्रश्न. ती कुठेही फुटकी नसणं हा पहिला.

त्याच्याही आधी एक गोष्ट तपासायची असते, आणि घाईत नेमकी तीच राहून जाते. गळती दिसली की "वॉटरप्रूफिंग गेलं" असा निकाल लगेच लावला जातो. खरा गुन्हेगार पुष्कळदा भिंतीतला पाइप असतो. तीसेक वर्षांच्या इमारतीत पाण्याचे पाइप जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे असतात आणि ते आतून गंजतात. सांडपाण्याचे पाइप बिडाचे, त्यांचे सांधे सैल होतात. परीक्षा साधी आहे. दोन-तीन दिवस बाथरूम वापरायचं नाही, पण टाकीकडून येणारा कॉक चालूच ठेवायचा. तरीही खालचं छत ठिबकत राहिलं तर संशय दाबाखालच्या पाइपावर. थांबलं, तर जाळीत कपडा कोंबून जमिनीवर पाणी सोडायचं, आणि दुसऱ्या दिवशी उलटं करायचं: जमीन कोरडी ठेवून बादलीभर पाणी थेट जाळीत ओतायचं. पाण्यात थोडा रंग कालवला तर खाली काय उतरतं ते ओळखायला सोपं जातं. मात्र घाई नको. फरशीखालच्या भरावात आधीच साठलेलं पाणी कित्येक दिवस निथळत राहतं आणि फसवतं. पाइप फुटलेला असताना वर कितीही महागडं कोटिंग केलं तरी गळती तशीच राहणार.

भरावाचा विषय निघालाच आहे तर ब्रिकबॅट कोब्याबद्दल बोलायला हवं, कारण महाराष्ट्रातल्या बाथरूमांचं ते जुनं दैवत आहे. आपल्याकडे बाथरूमची स्लॅब आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली घेतात. तिला संकन म्हणतात. जुन्या इमारतींत ती फूट-दीड फूट खोल असते. त्या खड्ड्यात पाइप टाकायचे, वर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा माल भरायचा, उतार काढायचा, की झालं वॉटरप्रूफिंग, असा हिशेब. "कोबा जितका जाड तितकं पाणी कमी" हे वाक्य अजूनही अनेक मिस्त्री छातीठोकपणे बोलतात.

वीट पाणी पिते. तेच तिचं काम असल्यासारखी पिते. कोबा उतार देतो, पाइप झाकतो, पातळी वर आणतो. पाणी अडवण्याचं काम त्याच्या खालच्या किंवा वरच्या थराचं असतं. तो थर नसेल किंवा फाटला असेल तर भिजलेला कोबा महिनोन्महिने ओला राहतो आणि स्लॅबच्या सळया गंजायला लागतात. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतं, म्हणून खालच्या घराच्या छताचे पोपडे सुटतात आणि सळया उघड्या पडतात. शिवाय वजन आहेच. ४ बाय ७ फुटांचा, फूटभर खोल खड्डा विटा आणि मालाने भरला तर स्लॅबवर साधारण सव्वा ते दीड टन भार पडतो, आणि भिजल्यावर त्याहून जास्त. म्हणून हल्ली भरावाला सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकचे तुकडे वापरतात. ते वजनाला बरे, पण पाणी तेही पितात; खालचा आणि वरचा असे दोन थर करण्याची गरज त्यांनी टळत नाही. जाणते कंत्राटदार आणखी एक गोष्ट करतात. संकनच्या अगदी तळाशी बाहेर निघणारा एक बारीक पाइप ठेवतात. भरावात पाणी शिरलंच तर ते खालच्या घरात न जाता तिथून बाहेर पडतं आणि वरच्या घराला वेळेत सुगावा लागतो.

आता मुख्य निवड. दुकानात जाऊन "सगळ्यात भारी वॉटरप्रूफिंग कोणतं?" असं विचारलं तर दुकानदार सगळ्यात महागाचा डबा काढणार, यात त्याचा दोष नाही, प्रश्नच चुकलेला आहे.

सिमेंटमध्ये मिसळायचं द्रावण हे सगळ्यात परिचित. ते टाकलं की पुढे काही लागत नाही, असा समज घरोघरी आहे. या द्रावणांसाठी आयएस २६४५ हे मानक आहे आणि ती खरोखर उपयोगी आहेत: माल घट्ट होतो, त्याची पाणी ओढण्याची ताकद कमी होते. ५० किलोच्या पोत्याला साधारण २०० मिलिलिटर एवढंच प्रमाण पुरतं. अंदाजाने दुप्पट ओतल्याने काम दुप्पट चांगलं होत नाही, उलट माल कमजोर होऊ शकतो. पण या मालाला उद्या केसाएवढी भेग पडली तर तिथून पाणी जाणारच. द्रावण मालाला मदत करतं, परात बनवत नाही.

परात बनवतो तो कोटिंगचा थर. फ्लॅटमधल्या बाथरूमसाठी सगळ्यात सोयीचा ठरतो तो पावडर आणि पॉलिमरचं दूध एकत्र कालवून ब्रशने लावायचा सिमेंटी कोट. त्याचं मोठं कारण ओल. जुनी फरशी उखडल्यावर खालची स्लॅब क्वचितच कोरडी मिळते आणि घरात एकच बाथरूम असेल तर ती वाळेपर्यंत थांबायला कुणाला सवड नसते. सिमेंटी कोटाला किंचित दमट पृष्ठभाग चालतो, किंबहुना तसाच लागतो. फक्त पाणी साचलेलं नको. पॉलियुरेथेनचं कोटिंग त्याहून लवचीक, भेग ताणली गेली तरी सहसा न फाटणारं. पण ते ओल्या जमिनीवर लावलं की फुगे येऊन सुटतं. रात्रभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीला चिकटवून ठेवावा. सकाळी खालून घाम आलेला दिसला तर पॉलियुरेथेनचा विचार त्या दिवसापुरता सोडावा. आणखी एक खोड म्हणजे ते वाळल्यावर गुळगुळीत होतं, त्यावर माल धरत नाही. शेवटचा हात ओला असतानाच त्यावर कोरडी वाळू पेरावी लागते. ही पायरी गाळली तर वर्षभरात टाइल्स पोकळ वाजायला लागतात, आणि दोष मात्र टाइल्सवाल्याला लागतो.

काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक वाढवणारं क्रिस्टलाइन कोटिंग उघड्या काँक्रीट स्लॅबवर छान काम करतं. विटांच्या भिंतीवर किंवा कोब्यावर ते लावण्यात अर्थ नाही. गॅसच्या ज्योतीवर तापवून चिकटवायची डांबरी मेम्ब्रेन गच्चीच्या मोकळ्या पसरटपणात शोभते. बाथरूमच्या चार कोपऱ्यांत आणि पाच पाइपांच्या दाटीत तिला इतके तुकडे आणि जोड द्यावे लागतात की जोडच गळतात. गच्चीवर मारायचा पांढरा उष्णतारोधक रंग उरलाय म्हणून बाथरूममध्ये मारणारेही आहेत. तो उघड्या उन्हासाठी बनवलेला असतो, टाइल्सखाली सतत ओलं राहण्यासाठी नव्हे.

कुठलाही डबा उघडा, दोन हात मारावे लागतात, एक आडवा आणि एक उभा, मध्ये कंपनीने सांगितलेला वेळ सोडून. "दुधात थोडं पाणी घालून पसरवलं की डबा पुरतो" ही काटकसर नेहमीची आहे. काम संपल्यावर रिकामे डबे मोजावेत आणि डब्यावर लिहिलेल्या क्षेत्रफळाशी ताळा करावा. हा हिशेब मागितला की कंत्राटदाराचा चेहरा बरंच काही सांगून जातो.

"जमीन केली म्हणजे झालं" हा समज शॉवर येण्याआधीच्या काळातला आहे. बादलीने आंघोळ होत असे तेव्हा फूटभर भिंत पुरत होती. शॉवर सात फुटांवरून मारा करतो, डायव्हर्टरसाठी भिंतीत खाच पाडलेली असते, आणि पलीकडे बेडरूममधलं प्लायवुडचं कपाट असतं. कपाटाच्या मागे बुरशी येते, रंग फुगतो, आणि लोक बाहेरची भिंत तपासत बसतात. शॉवरच्या बाजूच्या भिंती पूर्ण उंचीपर्यंत आणि बाकीच्या निदान फूटभर कोट करायलाच हव्यात. ४ बाय ७ च्या खोलीत भिंतींचं क्षेत्रफळ जमिनीच्या कितीतरी पट असतं, त्यामुळे कोटेशनमध्ये "वॉटरप्रूफिंग" असा एकच शब्द असेल तर कुठून कुठपर्यंत, हे लेखी लिहून घ्यावं.

सगळ्यात जास्त गळती मात्र कोपरे आणि जाळीखालचा नहाणी ट्रॅप यांच्याजवळच होते. मिस्त्री स्लॅबला भोक पाडतो, ट्रॅप बसवतो, भोवती विटांचे तुकडे आणि घाईचा माल कोंबतो. प्लास्टिक आणि काँक्रीट थंडी-उन्हात सारखं आकुंचन पावत नाहीत, त्यामुळे त्या गोल फटीत काही महिन्यांत केसाएवढी चीर पडते. नीट काम करायचं तर ती जागा साफ करून न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची, जमीन-भिंतीच्या कोनात मालाची गोलाई द्यायची, त्या गोलाईवर आणि ट्रॅपभोवती फायबरची जाळी कोटिंगच्या दोन हातांमध्ये दाबून घ्यायची, आणि कोट ट्रॅपच्या गळ्यापर्यंत उतरवायचा. उतार फुटाला सूत-दीड सूत तरी हवा, आणि तो कोटिंगच्या थरालाच हवा. नुसत्या टाइल्सना उतार दिला तर खाली झिरपलेलं पाणी जागच्या जागी तुंबून राहतं.

कोट वाळला की पाणी कोंडून बघायचं. ट्रॅप बंद करायचा, दाराशी मालाची छोटी कड बांधायची, दोन-तीन इंच पाणी भरायचं आणि पातळीवर भिंतीला पेन्सिलची रेघ ओढायची. ४८ तासांनी रेघ आणि पाणी दोन्ही बघायचं. उन्हाळ्यात थोडंसं पाणी वाफ होऊन जाईल, त्याने घाबरायचं कारण नाही. बोटभर उतरलं तर मात्र थांबायचं. खालच्या घरी जाऊन छताला हात लावून बघणं हाही या परीक्षेचा भाग आहे, मग संबंध कितीही ताणलेले असोत. टाइल्स बसल्यावर हीच परीक्षा पुन्हा करणारे थोडे असतात, पण टाइल्सवाल्याच्या छिन्नीने कोट फाटला का, हे तेव्हाच कळतं.

"फोडाफोड न करता गळती बंद" या जाहिरातींचं काय? दोष फक्त सांध्यांत असेल तर सांधे खरवडून इपॉक्सी भरल्याने काम भागतं, आणि तेवढ्यासाठी बाथरूम उखडणं मूर्खपणाचं. पण ट्रॅप हललेला असेल किंवा पाइप फुटला असेल तर टाइल्सवरून मारलेलं पारदर्शक द्रावण काही करू शकत नाही. खालच्या छतातून सुया टोचून राळ भरली तर ठिबक थांबते हे खरं. पाणी मात्र वर भरावात साठत राहतं आणि कधी कधी दुसऱ्या खोलीच्या छतात निघतं. टाइलवर टाइल बसवण्याचंही तेच: जुनं दुखणं झाकलं जातं, आणि वर जमिनीची पातळी उंबऱ्याला टेकते.

खर्च कुणाचा, यावरही वाद होतातच. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाचं पाणी आणि बाहेरचे सामाईक पाइप यांची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते, घरातल्या बाथरूमची त्या सभासदाने. फ्लॅट नवा असेल तर हातोडा उचलण्याआधी ताब्याची तारीख बघावी. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत कारागिरीतला दोष दाखवून दिला तर विकसकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. स्वतःहून फरशी उखडली तर "आमचं वॉटरप्रूफिंग तुम्हीच फोडलंत" म्हणायला त्याला आयतं निमित्त मिळतं. आणि डब्यावरच्या दहा वर्षांच्या वॉरंटीत बहुधा द्रव्याची किंमत असते, नव्या टाइल्स आणि मजुरी नसते. ती ओळ पैसे देण्याआधी वाचावी.

सगळं नीट झाल्यावर शेवटी येतो काचेचं पार्टिशन लावणारा. त्याला पट्टी बसवायला जमिनीत चार भोकं हवी असतात, आणि तो ती थेट कोटिंगच्या आरपार पाडतो. कमोडच्या बोल्टचंही तसंच. पट्टी सिलिकॉनने नुसती चिकटवून भागत असेल तर तसंच करून घ्यावं. भोक पाडावंच लागलं तर स्क्रू बसवण्याआधी ते सीलंटने काठोकाठ भरायला, समोर उभं राहून, सांगावं.