जबड्याचा उलगडलेला नकाशा

क्ष-किरणांचा शोध १८९५ च्या नोव्हेंबरात लागला आणि १८९६ च्या जानेवारीतच ब्राउनश्वाइगचे दंतवैद्य ओटो वाल्कहॉफ यांनी काळ्या कागदात व रबरात गुंडाळलेली छायाचित्रणाची काच स्वतःच्या तोंडात धरून, सुमारे २५ मिनिटे निश्चल राहून, आपल्याच दाढांची छाया टिपली. तेव्हापासून दंतवैद्यकास अस्थीच्या अंतरंगाचे दर्शन घडू लागले खरे, परंतु ते तुकड्यातुकड्यांनी. तोंडात मावणाऱ्या फिल्मवर तीन-चार दातांपलीकडे फारसे काही येत नसे, आणि बाहेरून चित्र घ्यावे तर घोड्याच्या नालासारख्या वळलेल्या जबड्याच्या दोन्ही बाजू एकमेकींवर पडून सारा तपशील गढूळ होई.

या पेचावर हेलसिंकीचे युर्यो पातेरो यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून जी तजवीज केली, तीतूनच आज आपले दंतवैद्य ‘ओपीजी काढून आणा’ असे सांगतात ते संपूर्ण जबड्याचे चित्र काढणारे यंत्र सिद्ध झाले. त्यात किरणनलिका मस्तकामागून आणि फिल्म मुखासमोरून एकाच वेळी फिरते. किरण अरुंद उभ्या फटीतून येतात, आणि फिल्म अशा बेताने सरकते की दंतपंक्तीच्या कमानीतील प्रत्येक बिंदू तिच्यावर स्थिर उमटावा व त्या कमानीच्या अलीकडचे-पलीकडचे सारे पसरून पुसट व्हावे. कमान शुद्ध वर्तुळाची नसल्यामुळे भ्रमणास तीन अक्ष देण्यात आले, आणि १९६१ साली हे यंत्र कारखान्यातून बाहेर पडू लागले. नको ते पुसून टाकण्यातच या यंत्राचे खरे कसब आहे, असे मी मानतो.

मात्र पुसलेले पुरते नाहीसे होत नाही. कानातली कुडी राहून गेली तर तिची छाया विरुद्ध बाजूस, किंचित वर आणि मोठी होऊन उमटते. मान वाकली तर मणक्यांचा पांढुरका पडदा पुढच्या दातांवर चढतो. म्हणून कुड्या उतरवा, जीभ टाळूला लावा, हलू नका, या तंत्रज्ञाच्या सूचना निदानाचाच भाग होत.

तंबाखू-सुपारीच्या व्यसनाने ज्यांचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, असे रुग्ण महाराष्ट्रातील दंत रुग्णालयांत नित्य येतात, आणि जिथे फिल्म आत सरकवणेच दुष्कर, तिथे मुखाबाहेरून संपूर्ण जबडा दाखवणाऱ्या या चित्राचे मोल फार मोठे ठरते. जबड्यातील गाठी, अस्थिभंग, न उगवलेल्या दाढा एका दृष्टिक्षेपात कळतात. अक्कलदाढेचे मूळ खालच्या जबड्यातील नसेच्या नलिकेवर काळवंडलेले दिसले, किंवा नलिकेची पांढरी रेघ तेथे तुटली, तर शल्यवैद्य सावध होतो. पण मूळ नसेच्या गालाकडच्या अंगास आहे की जिभेकडच्या, याचा दाखला सपाट चित्र देऊ शकत नाही. तेथे १९९० च्या दशकाअखेरीस इटली व जपानमध्ये विकसित झालेले, शंकूच्या आकाराच्या किरणांनी त्रिमितीय चित्र रचणारे सीबीसीटी यंत्र वापरावे लागते. दोन दातांमधली बारीक कीड शोधायची असेल, तर मात्र तोंडात धरायची ती लहान फिल्म किंवा तिच्या जागी आलेला संवेदकच आजही अधिक भरवशाचा आहे.