संगणकाची मात्राही वजनावरूनच

बेळगाव-निपाणी परिसरातील अनेक रुग्णालयांत आता नोंदणी, तपासणी-अहवाल, औषधांचा साठा आणि बिले यांचा कारभार संगणकावर चालतो. सोमवारी सकाळी चंदगडहून आलेला रुग्ण नोंदणीच्या खिडकीशी उभा असतो आणि पडद्यावर चक्र फिरत राहते. कावीळ झालेल्या नवजात बालकाचा बिलिरुबिनचा अहवाल प्रयोगशाळेत तयार असतो, पण वॉर्डमध्ये उघडत नाही. अशा वेळी मोठा सर्व्हर घेण्याचा सल्ला हमखास मिळतो. माझ्या मते हा बहुधा निदानापूर्वीच सुरू केलेला उपचार होय.

आपण रुग्णाचे नाव टंकतो तेव्हा सॉफ्टवेअर ते शोधण्यासाठी डेटाबेसशी जोडणी करते. हेच कनेक्शन. दर वेळी नवे कनेक्शन उघडणे खर्चिक असते, म्हणून काही कनेक्शने कायम उघडी ठेवून आळीपाळीने वापरली जातात. या संचाला ‘कनेक्शन पूल’ म्हणतात. ओपीडीतील तपासणीच्या खोल्यांसारखीच ही व्यवस्था आहे.

किती खोल्या लागतील, याचे गणित सोपे आहे. ताशी २० रुग्ण येत असतील आणि प्रत्येकास १५ मिनिटे लागत असतील, तर सरासरी ५ खोल्या व्यापलेल्या राहतील. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला हा नियम संगणकालाही लागू पडतो. सेकंदाला ४० विनंत्या आणि प्रत्येकीस ०.२ सेकंद, म्हणजे सरासरी ८ कनेक्शने व्यस्त. तीच विनंती २ सेकंद रेंगाळली, तर ८० लागतील! येथे कमतरता कनेक्शनांची नसून शोध मंदावल्याची असते. नावांची सूची, म्हणजे इंडेक्स, नसल्यामुळे संपूर्ण तक्ता चाळला जात असेल. किंवा कोणी भर ओपीडीत महिन्याचा अहवाल काढत असेल. कधी सॉफ्टवेअर काम संपल्यावर कनेक्शन परतच करीत नाही. रुग्ण घरी गेला तरी खाट कागदोपत्री भरलेली, तसेच हे!

मग शंभर-दोनशे कनेक्शने का ठेवू नयेत? कारण प्रत्येक कनेक्शन मेमरी खाते. पोस्टग्रेस या प्रचलित डेटाबेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रक्रिया चालते. समजा, सर्व्हरची मेमरी ८ जीबी आहे. प्रचलित शिफारशीनुसार तिचा चतुर्थांश, म्हणजे २ जीबी, डेटाबेसच्या सामायिक साठ्यास दिला. माहितीची क्रमवारी लावण्यासाठी मूळ मर्यादा ४ एमबी असते. ती कोणी उत्साहाने ६४ एमबी केली. शंभर कनेक्शनांनी एकाच वेळी एकेक क्रमवारी मागितली, तर ६,४०० एमबी लागतील. बेरीज ८ जीबीच्या पुढे गेली आणि ऑपरेटिंग सिस्टीमला काहीच उरले नाही! मग संगणक मेमरीतील मजकूर डिस्कवर हलवू लागतो आणि सारेच मंदावते. प्रत्येक इंजेक्शनासाठी परिचारिकेला वॉर्ड सोडून तळमजल्यावरील औषधभांडारात पळावे लागले, तर जे होईल तेच येथे होते.

गर्दी सरासरीने येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता १८ वर्षांवरील नागरिकांची लसनोंदणी कोविनवर खुली झाली, तेव्हा मिनिटाला २७ लाख विनंत्या येत होत्या. प्रणाली आरंभी अडखळली, पण त्या दिवशी सव्वा कोटीहून अधिक नोंदण्या झाल्या. तरीही असंख्य लोकांना वेळ मिळाली नाही, कारण केंद्रांवर पुरेशी लसच नव्हती. दार रुंद केल्याने आतला साठा वाढत नाही, हा धडा कनेक्शनांच्या बाबतीतही तितकाच खरा आहे.

म्हणून नवा सर्व्हर घेण्यापूर्वी सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत. सर्वांत गर्दीच्या तासात किती कनेक्शने व्यस्त असतात? सर्वांत मंद दहा शोध कोणते? त्या वेळी मेमरी किती शिल्लक असते? या आकड्यांची नोंद आठवडाभर ठेवावी, एका वेळी एकच बदल करावा आणि परिणाम पाहून पुढे जावे. जड अहवाल रात्री काढावेत. सर्व्हर अपुरा ठरला, तर तो खुशाल घ्यावा.

आम्ही बालरोगतज्ज्ञ बाळाचे वजन पाहिल्याशिवाय मात्रा लिहीत नाही. संगणकाच्या बाबतीतही आधी मोजमाप आणि मग मात्रा, हाच क्रम असावा. त्यात वाचणाऱ्या पैशांपेक्षा वॉर्डमध्ये वेळेवर पोहोचलेला अहवाल अधिक मोलाचा आहे.