बालपणातील पालकत्वाचा अनुभव आणि प्रौढांमधील वियोगचिंता

पेडणे व डिचोली तालुक्यांतील विद्यार्थ्यांपुढे पदवीनंतर पुणे, मुंबई किंवा आखातात जाण्याची संधी येते. काहीजण ती नाकारतात. घरच्यांचे बरेवाईट होईल ही सततची भीती, एकटे झोपता न येणे, प्रवासाआधी पोटदुखी अशी लक्षणे दिसल्यास तो निव्वळ आळस नसून वियोगचिंता असू शकते.

ही समस्या केवळ मुलांची, असा समज दीर्घकाळ होता. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेने ती अठराव्या वर्षापूर्वी सुरू झालेली असावी ही अट काढली. प्रौढांत लक्षणे साधारणतः सहा महिने टिकलेली असावी लागतात. अमेरिकेतील २००६ च्या एका अभ्यासात आयुष्यात कधीतरी प्रौढ वियोगचिंता अनुभवणाऱ्यांचे प्रमाण ६.६ टक्के आढळले.

पालकत्वाशी संबंध

जॉन बोल्बी यांच्या मते पालक हा मुलाचा सुरक्षित आधार असतो. 'ऐकले नाहीस तर सोडून जाईन' अशा धमक्यांनी तो आधार डळमळतो. गॉर्डन पार्कर व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये २५ विधानांची प्रश्नावली तयार केली. तिच्यात पहिल्या सोळा वर्षांतील पालकांचा जिव्हाळा व अतिसंरक्षण या दोन बाजू मोजल्या जातात. अतिसंरक्षणामुळे एकट्याने निभावण्याचा सराव मुलाला मिळत नाही. जिव्हाळा कमी व नियंत्रण जास्त असेल तर पुढे चिंता व नैराश्याचा धोका वाढलेला दिसतो.

मर्यादा

या प्रश्नावलीची उत्तरे आठवणींवर आधारित असतात. आजची चिंता आठवणींनाही रंग देते. आनुवंशिकतेचाही वाटा असतो. म्हणून पालकांना दोषी ठरवणे योग्य नाही. डिचोलीत २०१२ व २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा अनेक घरांची मिळकत थांबली. अशा काळात पालकांचे धास्तावणे स्वाभाविक असते. वडील परगावी असले तरी आई, आजी वा काकीचा स्थिर आधार मुलाला सावरू शकतो. एकत्र कुटुंबातील जवळीक हा आजार नव्हे. तिच्यामुळे शिक्षण वा नोकरी अडत असेल, तरच विचार करावा.

शिक्षकांची भूमिका

विद्यार्थ्याची थट्टा करू नये. आधी एका दिवसाची सहल, मग दोन दिवसांचे शिबिर, अशी पायरीपायरीने सवय लावावी. अडचण कायम राहिल्यास बांबोळी येथील मानसोपचार संस्थेत किंवा टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर सल्ला मिळतो. विद्यार्थ्याने गाव सोडलेच पाहिजे असे नाही. मात्र राहण्याचा निर्णय भीतीने नव्हे, त्याने स्वतः घेतलेला असावा.